दोन खिळ्यांचा कोसा

सन १९७९. माझं वय छत्तीस. मोहाडीच्या बाजारचौकात टिनाच्या छपराखाली माझं दुकान होतं. बाहेर पाटी होती, तिच्यावर नुसतं 'पेंटर' लिहिलं होतं. नाव लिहायची गरज नव्हती. तालुक्यात दुसरा एक पेंटर होता, पण त्याची अक्षरं उजवीकडे जाता जाता खाली उतरत, अन् शेवटच्या अक्षराला बसायला जागा उरत नसे. लोक त्याच्याकडे एकदाच जात.

शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. जन्म आसगावचा, घरी धानाची शेती, आम्ही चार भाऊ. मास्तर फळ्यावर जे अक्षर काढत ते मी त्यांच्यापेक्षा चांगलं काढायचो. हे मी मास्तरांना सांगितलं, तिथे शाळा संपली. हा लेख मीच लिहितो आहे. अक्षर माझं, शुद्धलेखन नातीचं.

ही नात भंडाऱ्याला फ्लेक्स छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. कोणी नवीन दुकानाचा लोगो करायला आला की तिचा अन् तिच्या मालकाचा वाद होतो, हा कशात करायचा, व्हेक्टरमध्ये की रास्टरमध्ये. मी विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, "आजोबा, एकात चित्र म्हणजे नुसते ठिपके. मोठं करायला गेलं की ठिपके मोठे होतात अन् चित्र फाटतं. दुसऱ्यात चित्र म्हणजे रेघ कुठून कुठे कशी जाते एवढंच लिहून ठेवलेलं असतं. बोटाएवढं करा की घराएवढं, फाटत नाही." मी म्हटलं, बाई, हे भांडण मी तुझा बाप शाळेत होता तेव्हा करून बसलो आहे. ती हसली. तिला वाटलं म्हातारा फेकतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या धंद्यात छोटं चित्र मोठं करायच्या दोन रीती होत्या.

पहिली मी उस्तादाकडे शिकलो. उस्ताद आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवत. कॅलेंडरवरच्या राजवाड्यावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, तेवढ्याच रेघा पडद्यावर मारायच्या, अन् एकेका घरात जे असेल ते तिकडच्या घरात उतरवायचं. याला आम्ही घरं पाडणं म्हणत असू. डोकं लागत नाही, धीर लागतो.

दुसरी रीत मी माझी मीच शिकलो. एक खिळा ठोका, त्याला दोरी बांधा, दोरीच्या टोकाला खडू धरून फिरवा, गोल झाला. दोन खिळे ठोका, त्यांच्याभोवती दोरीचा सैल फास टाका, खडूनं तो ताणत ताणत फिरवा, अंड्यासारखा लांबट गोल झाला. खिळे जवळ आणले की तो फुगतो, लांब नेले की चपटा होतो. एकदा खिळ्यांचं अंतर अन् दोरीची लांबी ठरली की तोच आकार वहीत काढा नाही तर गोदामाच्या भिंतीवर. धार कुठंच तुटत नाही.

घरं पाडण्यावरून माझं मन उडालं ते चिखल्याच्या खदानीवर. तिथं मँगनीज वाहणारे ट्रक. एका ट्रकवाल्यानं मला पासपोर्टचा फोटो दिला. म्हणाला, दरवाज्यावर माझा चेहरा काढ, हातभर. मी फोटोवर घरं पाडली. डोळ्याच्या घरात पाहिलं तर नुसता एक काळा ठिपका. तो ठिपका तळहाताएवढा केला तर तळहाताएवढा काळा ठिपका झाला. फोटोत जे नव्हतंच ते मी मोठं कुठून करणार? शेवटी डोळा अंदाजानं काढला, नाक अंदाजानं काढलं. ट्रकवाला आला. मागं सरकून पाहिलं, पुढं येऊन पाहिलं.

"पेंटर, हा मी नोहोय."

"मग कोण?"

"हा माया सासरा होय. अन् आमचं बोलणं बंद हाय."

मी तो दरवाजा खरवडला अन् त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दोरीनं गोलात काढून दिलं. त्या दिवसापासून मी दोरीवाला झालो. घरं पाडणाऱ्याला मी पेंटर मानत नव्हतो. तसं तोंडावर सांगायचो.

आता मूळ गोष्ट. मोहाडीपासून सायकलनं अर्ध्या तासावर विणकरांचं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात, ते चालू राहावं. तिथं कोशाचं कापड विणतात. ऐनाच्या झाडावर किडा कोसा करतो, त्याचा धागा काढायचा अन् मागावर विणायचा. गावात विणकरांची एक लहानशी संस्था होती. रिटायर झालेले एक मास्तर तिचं कागदपत्र पाहत, त्यांना सगळे गुरुजी म्हणत.

गुरुजींना संस्थेसाठी खूण हवी होती. आजचं पोरगं लोगो म्हणेल. त्यांनी कोशाचा फोटो काढवून घेतला होता अन् त्याचा ब्लॉक बनवून लेटरपॅड छापून आणलं होतं. फोटोचा ब्लॉक ठिपक्यांचा असतो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली पाहा, कळेल. लेटरपॅडचा कागद खरबरीत, शाई जास्त, ठिपक्यात ठिपका मिसळलेला.

"गुरुजी, हे काय आहे?"

"कोसा आहे."

"बटाटा दिसून राहिला. तोही सडका."

गुरुजींना राग आला. "फोटो खरा असतो, पेंटर. हातानं काढलेलं खोटं असतं."

"मग भिंतीवर हा खरा बटाटा पुरुषभर उंच काढून देऊ का?"

मी जमिनीवर दोन खिळे ठोकले, दोरी टाकली अन् त्यांच्यासमोर कोसा काढला. बारीक रेघेचा, आतून मोकळा. किडा कोसा करायच्या आधी ऐनाच्या काडीभोवती एक कडं घालतो, कड्याला देठ असतो अन् देठाला कोसा लटकतो. ते कडं मी तिसऱ्या खिळ्यावर काढलं. कड्यामुळेच तो कोसा वाटतो. नाही तर अंडं वाटेल. ते कडं म्हणजे माझी करामत होती.

संस्थेच्या भिंतीवर मी ती खूण माझ्या उंचीएवढी काढली. तिचाच रेघेचा ब्लॉक करून लेटरपॅडवर अंगठ्याएवढी छापली. तिचाच रबरी शिक्का केला, नखाएवढा. तिन्ही ठिकाणी धार स्वच्छ. गुरुजी म्हणाले, "मानलं." हा शब्द मी बरेच महिने खिशात घेऊन फिरलो.

संक्रांत झाली अन् गुरुजी माझ्या दुकानात चिठ्ठी घेऊन आले. नागपूरचा जो मोठा दुकानदार संस्थेचा माल घ्यायचा, त्याची चिठ्ठी. कोणीतरी हलकं कापड संस्थेच्या नावावर विकत होतं, वर कागदी लेबल चिकटवून. दुकानदाराचं म्हणणं असं, की लेबल कोणीही चिकटवतो, खूण पदरातच विणा. होळीच्या आत नमुन्याचं एक लुगडं आणून दाखवा. पटलं तर वर्षभर तुमचाच माल घेऊ. नाही पटलं तर आमचं तुमचं संपलं.

नमुना विणायचं काम दौलतजींकडे आलं. संस्थेतला सर्वांत चांगला हात त्यांचा. वय बावन्न, छातीत दमा. गावातले अर्धे माग तेव्हा बंद पडले होते, दौलतजींचाही बंदच होता. त्यांच्या साळ्यानं चिखल्याच्या एका ठेकेदाराशी बोलणं करून ठेवलं होतं. होळीनंतर दौलतजींनी खदानीवर माल भरायला जायचं. हे मला त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या त्यांच्या बायकोनं, सखुवहिनीनं सांगितलं.

"खड्ड्यातला माणूस खड्ड्यातच राईल, भाऊ," ती कांडीवर धागा भरत म्हणाली. "मागाच्या नाई तं खदानीच्या."

दौलतजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. संस्थेकडे शिल्लक होता तो सगळा धागा गुरुजींनी त्यांच्या मागावर चढवला होता. एक लुगडं, अन् हात बसवायला वर अडीच हात. पुढचा धागा नवे कोसे उतरतील तेव्हा. मी माझा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, अंगठा गोलावरून फिरवला.

"हे तं गोल हाय गा."

"हो. मग?"

"मागावर गोल नसते."

"काहून नसते?"

"उभा धागा हाय. आडवा धागा हाय. तिरपा धागा कुठं हाय, दाखव मले."

आता इथं मी ऐकायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "दौलतजी, ही खूण भिंतीवर चढली, कागदावर चढली, शिक्क्यावर चढली. मागावरच चढत नसेल तर खोट मागात आहे. विणकर तुम्ही आहात, तिरपा कसा न्यायचा ते तुम्ही पाहा. खूण बदलणार नाही."

त्यांनी कागद ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, खाली लावला. वरून रेघ दिसेल तिथले उभे धागे बोटानं उचलायचे अन् खालून रंगीत धागा घालायचा, असं त्यांनी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो. माझी बारीक रेघ कुठं होती, कुठं नव्हती. बाजूंना ती नीट उभी होती, वर अन् खाली वळताना तिचे तुकडे झाले होते. कड्याची गाठ झाली होती. देठाला गोचीड चिकटल्यासारखी दिसत होती.

मी म्हटलं, "ही तर करवत झाली."

सखुवहिनीनं मान वर केली नाही. "करवतीवरच तं खाऊन राहिलो आमी, भाऊ. इथल्या लुगड्याचा काठ करवतीचाच रायते. दात सारखे आले तं लोक नावाजतेत, वाकडे आले तं हासतेत. तुमच्या कागदानं दात वाकडे आणले."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या कोशाच्या लुगड्याला करवतकाठी म्हणतात. काठाला करवतीसारखे दात असतात. पिढ्यान् पिढ्या ते एका मापाचे येतात, कारण विणणारा धागे मोजतो. म्हणजे त्या घरात पायरी पायरीनं तिरपं जाण्याची विद्या होतीच. मी विचारलं असतं तर मिळाली असती. मी सायकल काढली अन् मोहाडीला आलो.

दोन दिवस दुकानात पाट्या रंगवल्या. मग मनात आलं, उभा-आडवा धागा म्हणजे घरंच. अन् घरं पाडणं मला उस्तादानं शिकवलेलं, ते मला विणकरानं काय शिकवायचं? ज्या रीतीला मी बारा वर्षं नावं ठेवली तीच हातात घेतली, पण दौलतजींना न विचारता. गणिताची चौकटीची वही आणली. एक चौकट म्हणजे एक धागा. बारीक रेघ सोडून दिली, कोसा आतून भरून टाकला, कडंही चौकटीत बसवलं. दोन्ही बाजूंना दात सारखे. काम देखणं झालं होतं, अजून म्हणतो. घेऊन गेलो.

दौलतजींनी वहीचं पान पाहिलं. मग ते मागावर ठेवून पुन्हा पाहिलं.

"पेंटर, एक सांगू का?"

"काही सांगू नका. आता दात सारखे आहेत. विणा."

त्यांनी विणलं. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा सखुवहिनी दारातच उभी होती. कापडाचा तेवढा भाग तिनं मला बोटानं दाखवला.

"हे काय होय, सांगा पाहू."

मी पाहिलं. वहीत जो कोसा चांगला गरगरीत होता तो कापडावर लांब अन् बारीक झाला होता. दोन्ही टोकं निमुळती.

"तोंडलं होय," ती म्हणाली. "भाजीचं दुकान टाकाचं हाय का संस्थेले?"

दौलतजी हसले नाहीत. खड्ड्यातून वर येऊन त्यांनी मला मागाचं पलीकडचं टोक दाखवलं. गुंडाळलेला ताणा किती उरला ते.

"आता एक लुगडं निंगते. वर वीतभर. होळीले अकरा दिवस हायेत. आता चुकाले जागा नाई."

मी विचारलं, "हे असं होणार, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो होतो. तुमी म्हणलं, विना."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ते साधं म्हणाले, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मी तिथंच जमिनीवर बसलो. मग मी जे म्हणालो ते मी त्याआधी कोणत्याही गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. म्हटलं, "दौलतजी, सांगा."

त्यांनी माझा अंगठा विणलेल्या कापडावर ठेवला. "याच्या रुंदीत उभे धागे मोज." मी मोजले, पंचेचाळीस. "आता अंगठा आडवा कर अन् आडवे मोज." चौतीस.

"उभा धागा दाट हाय. आडवा आमी एवढा ठोकत नाई, ठोकला तं कापड पत्र्यावानी होते. म्हनून आमचं घर उभं हाय गा, दारावानी. तुह्या वहीतलं घर चौरस हाय. तेवढीच घरं मोजून आमी विनली तं रुंदीत कमी भरतेत अन् उंचीत जास्त. तोंडलं होनारच."

उस्तादाकडे मी इतकी घरं पाडली अन् घर उभटही असतं हे मला ठाऊक नव्हतं. पडद्याला लागत नाही, कागदाला लागत नाही. मागाला लागतं.

मग आम्ही दोघं बसलो. कोरा कागद घेतला. आधी मी त्यावर दोन टाचण्या टोचून दोऱ्यानं कोसा काढला, पदरावर हवा तेवढाच. मग दौलतजींच्या मापानं त्यावर उभी घरं पाडली. गोलाच्या आत अर्ध्याहून जास्त येईल ते घर भरायचं, कमी येईल ते सोडायचं. म्हणजे आकार दोरीचा अन् घरं मागाची. दौलतजी म्हणाले, मधला धागा आधी धर, तिथून डावीउजवीकडे सारखं मोजत जा, नाही तर एक बाजू फुगते. तेही केलं.

कड्यावर पुन्हा अडलं.

"कडं काढून टाक," दौलतजी म्हणाले.

"कडं काढलं तर अंडं दिसेल."

"देठ ठेव. जाड ठेव, सरळ ठेव. एवढ्याशा जागेत कडं म्हंजे गोचीड."

सखुवहिनी म्हणाली, "भाऊ, इथं कोशाच्या देठाले हात लावून पायलेले लोक हायेत. देठ दिसला का कोसा समजते. कडं कोन पायते?"

मी कडं काढून टाकलं. पुष्कळ वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना हात जरा थांबला.

आठ दिवस लुगडं विणण्यात गेले. शेवटचे दोन दिवस पदराचे. मी दुकान बंद ठेवून रोज सकाळी सायकलनं जायचो अन् मागाजवळ बसून कागदावरचं वाचून दाखवायचो. "तेरा सोडा, सात उचला, तेरा सोडा." पुढची ओळ. "अकरा सोडा, अकरा उचला, अकरा सोडा." दौलतजी तेच आकडे परत म्हणायचे अन् मगच धागा घालायचे. दोनदा त्यांनी मला थांबवलं, मी ओळ चुकलो होतो. ते एकदाही चुकले नाहीत. मध्ये दम लागला की खड्ड्याच्या काठावर हात टेकून बसायचे. तेवढ्यात सखुवहिनी पाणी द्यायची अन् म्हणायची, "खदानीत कोन पानी देईन तुमाले?"

लुगडं उतरलं. जवळून पाहिलं तर पायऱ्या. वहिनीनं पदर खुंटीवर टांगला अन् अंगणात जाऊन उभी राहिली. मीही गेलो. तिथून पायऱ्या दिसत नव्हत्या. देठाला लटकलेला भरीव, गरगरीत कोसा.

"आता कोसा," ती म्हणाली.

होळीला दोन दिवस असताना गुरुजी लुगडं घेऊन पहिल्या गाडीनं नागपूरला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आम्ही सगळे संस्थेच्या ओट्यावर त्यांची वाट पाहत होतो. मी, दौलतजी, वहिनी अन् चार-पाच विणकर. वर भिंतीवर माझी खूण. गुरुजींनी पिशवीतून लुगडं काढून दौलतजींच्या हातात दिलं. नमुना परत आला म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती.

"कापड पसंत आहे," गुरुजी म्हणाले. "विणकाम पसंत आहे. म्हणाला, असा पदर पाहिला नाही. मग त्यानं आपलं लेटरपॅड घेतलं अन् पदराशेजारी ठेवलं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "म्हणतो, या दोन खुणा आहेत. एक बारीक रेघेची, कड्याची. एक भरीव, पायऱ्यांची, कडं नाही. गिऱ्हाईक दोन्ही पाहून म्हणेल, यातली एक नकली. नकलीसाठीच तर हे सगळं केलं. दोन्ही एक करा अन् होळी झाल्यावर लगेच या. नंतर नको."

कोणीतरी म्हणालं, "मग दौलतजीनं कड्याचं विणावं."

"ताना नाई," दौलतजी म्हणाले. "अन् कडं होत नाई." त्यांनी लुगड्याची घडी गुडघ्यावर नीट केली. "जाऊ द्या गुरुजी. पेंटरनं मेहनत केली, मीबी केली. होळी झाली का मी चिखल्याले निंगतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुरुजींनीही नाही. ज्या माणसानं "खूण बदलणार नाही" म्हणून सांगितलं होतं त्याच्याकडे कशाला पाहायचं? मी सायकल काढली, घरी आलो, जेवलो अन् झोपलो.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे लेख मला हवा तिथे थांबवता येईल. गुरुजींनी पदरावरच्या खुणेवरून नवा ब्लॉक केला, नवा शिक्का केला. नागपूरचा माणूस दोन्ही शेजारी ठेवून समाधान पावला. दौलतजी चिखल्याला गेले नाहीत. डोळे अधू होईपर्यंत, म्हणजे ऐंशीचं दशक जवळजवळ संपेपर्यंत, त्यांचा माग चालला. त्यांची माफी मी कधी मागितली नाही. मागायला हवी होती, माझ्या तोऱ्यापायी दोन हात ताणा वाया गेला अन् तो त्यांच्या पोटावरचा होता. तोंडल्याचा तुकडा वहिनीनं मला दिला होता, पुसायला घ्या म्हणून. मी तो पेटीत ठेवला आहे.

संस्थेच्या भिंतीवरचा कोसा अजून आहे. मधून मधून मीच त्याला रंग दिला. नवा माणूस आला की विचारतो, हा असा पायऱ्यापायऱ्यांचा कोणा अनाडी पेंटरनं काढला? मी सांगतो, मी काढला. नातीनं मोबाईलवर त्याचा फोटो पाहिला अन् म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर हातानं ठिपके मोठे करून ठेवले." मी तिला म्हटलं, तू अन् तुझा मालक भांडता ते बरोबर आहे, पण भांडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा की ही खूण कुठं कुठं बसणार, अन् त्यातली सर्वांत अडचणीची जागा कोणती. तिथून सुरुवात करा. मी भिंतीपासून केली होती.

तर गुरुजी नागपूरहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी शिडी सायकलला बांधली अन् त्या गावी गेलो. कोणाला सांगितलं नाही. खरवडायच्या पत्रीनं भिंतीवरचं कडं आधी काढलं, मग कोसा. खिळ्यांची तिन्ही भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवली. वरून चुन्याचा पातळ हात दिला अन् तो वाळेपर्यंत भिंतीशी बसून राहिलो. ऊन चांगलं होतं. वाळल्यावर रेघा उमटवायला दोरी गेरूच्या पाण्यात बुडवली, तीच दोरी, अन् एक टोक धरून शिडीवर चढलो. खालचं टोक दगडाखाली दाबलं होतं, ते सारखं सुटत होतं.

दौलतजी दातून चावत आले. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय करून राहिला गा?"

"घरं पाडून राहिलो."

"कशी?"

"उभी."

त्यांनी दातून टाकलं, तोंड पुसलं, खाली बसून दोरीचं दुसरं टोक धरलं अन् भिंतीला टेकवलं.

"अजून बोटभर उजवीकडं घे," ते म्हणाले. मी घेतलं, दोरी ताणली अन् सोडली.